समईच्या बाजूची पाकळी

टीव्ही आणि लॅपटॉप यांच्यात सहा फुटांचं अंतर होतं, तरी लॅपटॉपला टीव्ही सापडत नव्हता. मी राउटर बंद करून पुन्हा चालू केला. मग लक्षात आलं, लॅपटॉप घरच्या वायफायवर होता आणि टीव्ही अजून अपूर्वाच्या फोनच्या हॉटस्पॉटवर. दोन्ही एकाच वायफायवर आणले, तरी काही होईना. शेवटी लॅपटॉपवरचं ऑफिसचं व्हीपीएन बंद केलं, तेव्हा यादीत आमच्या टीव्हीचं नाव उमटलं.

"एवढ्या वेळात खाली जाऊन केबल आणली असतीस," अपूर्वा म्हणाली. माझी बायको कधी चुकीचं बोलत नाही, फक्त उशिरा बोलते.

ही सगळी खटपट बाबांसाठी होती. त्यांच्या हृदयाला तीन ठिकाणी ब्लॉकेज निघाले होते आणि डॉक्टरांनी बायपास लवकर करा म्हणून सांगितलं होतं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं, शर्टाची बटणं लावली आणि केबिनच्या बाहेर आल्यावर म्हणाले, "द्येवाक इचारल्याशिवाय माका कोणी हात लावूचो नाय."

देव कणकवलीजवळच्या गावात आणि आम्ही बोरीवलीत, चौथ्या मजल्यावर. बाबांना एवढा प्रवास झेपणार नव्हता. म्हणून गावचा माझा चुलतभाऊ बाळा देवळातून व्हिडिओ कॉल लावणार होता. बाबांची नजर अधू, लॅपटॉपवर त्यांना काही दिसलं नसतं. कौल आपण स्वतः बघणार, हा त्यांचा हट्ट होता. उजवा कौल मिळाला तर ऑपरेशन, डावा मिळाला तर नाही. मला उजवाच हवा होता. दुसरं उत्तर मी विचारातच घेतलं नव्हतं.

टीव्हीवर गाभारा दिसला. काळ्या पाषाणाची मूर्ती, एका बाजूला पेटलेली समई, मागच्या भिंतीवर देणगीदारांची पाटी. चित्र लॅपटॉपपेक्षा दोनेक सेकंद मागे होतं. आवाज टीव्हीवर जाईना, तो लॅपटॉपमधूनच येत होता. मी लॅपटॉप टीव्हीखालच्या स्टुलावर ठेवला आणि खाली बसलो. बाबा मागे सोफ्यावर होते, अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून.

गुरवाने जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून मूर्तीच्या दोन खांद्यांवर लावल्या. समईच्या बाजूचा खांदा उजवा; ज्या खांद्यावरची पाकळी आधी पडेल, तो देवाचा कौल. मग त्याने गाऱ्हाणं घातलं. बाबांचं नाव घेतलं, आजार सांगितला, हुकूम मागितला. बाळा आणि आणखी दोघंतिघं "व्हय म्हाराजा" म्हणत होते. मागून बाबाही पुटपुटले.

बराच वेळ काही हललं नाही. स्वयंपाकघरात अपूर्वाने नळ बंद केला.

लॅपटॉपवर समईच्या बाजूची पाकळी सुटली आणि खाली पडली.

"उजवो दिल्यान!" बाळाचा आवाज आला.

मी हसून वर टीव्हीकडे पाहिलं. दोन सेकंद थांबलो. टीव्हीवर पाकळी पडली.

दुसऱ्या बाजूची.

पहिल्यांदा मनात आलं, चित्र उलटं होत असेल. पण समई दोन्हीकडे एकाच बाजूला होती. पाटीवरची अक्षरंही दोन्हीकडे सरळ होती. एक चित्र खाली, तेच चित्र वर. खाली उजवा खांदा रिकामा. वर डावा.

गुरव पाकळी उचलायला वाकला. लॅपटॉपवर तो समईकडे वाकला.

टीव्हीवर तो दुसरीकडे वाकला.

मी बाळाला विचारलं, कुठली पडली ते नीट बघून सांग. तो म्हणाला, "उजवी रे. गुरवाच्या हातात आसा." मी पुन्हा कौल लावायला सांगितलं. एकदा दिलेला हुकूम परत विचारायचा नसतो, असं गुरवाने मला बाळाकरवी कळवलं.

बाबा टीव्हीकडेच बघत होते. मी त्यांना म्हणालो, टीव्हीत काहीतरी बिघाड आहे, उजवा मिळालाय, बाळाने सांगितलं ना.

"डावी पडली," बाबा म्हणाले. "ही माझी. तुझी तुझ्या फुड्यात आसा."

मी कनेक्शन तोडलं. टीव्ही निळा झाला.

सोमवारी बाळाने खासगी बसने पाठवलेली प्रसादाची पुडी आली. बाबांनी ती न उघडता देव्हाऱ्यात ठेवली. ऑपरेशनचा विषय काढला की ते म्हणायचे, "आधी तू दाखवून घे." मी चिडलो. मला काय झालंय, मी रोज जिने चढतो, असं बरंच काही बोललो.

बुधवारी दुपारी ऑफिसमध्ये उभा असताना मला दरदरून घाम फुटला.

डॉक्टर तेच होते. त्यांनी संगणकावर रक्तवाहिन्यांचं चित्र दाखवलं, तेव्हा मी म्हणालो की हे बाबांचं आहे, आधी पाहिलंय. त्यांनी कोपऱ्यातल्या नावावर बोट ठेवलं. नाव माझं होतं. जागा त्याच होत्या. तिन्ही.

माझ्या ऑपरेशनच्या सकाळी बाबा पुडी घेऊन हॉस्पिटलात आले. आदल्या रात्री बाळाने फोनवर मला सांगितलं होतं, त्याने उजवी पाकळी तेवढी कागदात बांधली. डावी संध्याकाळपर्यंत देवाच्या खांद्यावरच होती.

बाबांनी माझ्यासमोर दोरा सोडला.

आत दोन पाकळ्या होत्या.

त्यांनी वाळलेली उचलून माझ्या उशीखाली सरकवली. दुसरी अजून ओली होती. ती त्यांनी स्वतःच्या छातीवरच्या खिशात ठेवली. स्ट्रेचर हललं तेव्हा त्यांच्या शर्टावर, खिशाच्या जागी, पाण्याचा डाग पसरत होता.