खालची चिठ्ठी आधी

देव आहे का, हे मला विचारू नका. मी दवाखान्याच्या धुलाईखान्यात सव्वीस वर्षं काढली. चादर उकळत्या पाण्यात घातली की डाग जातो, एवढ्यावरच माझी श्रद्धा होती. पण कोणीतरी ऐकत असतं का, असं विचाराल तर तो दिवा जरा जवळ ओढा, सांगते.

तळमजल्यावर धुलाईखान्याच्या शेजारी प्रार्थनेची एक खोली होती. मूर्ती नाही, तसबीर नाही. चार बाकं, एक मंद दिवा आणि भिंतीला टांगलेली पत्र्याची कुलूपबंद पेटी. आजाऱ्यांचे नातेवाईक चिठ्ठ्या लिहून तिच्यात टाकायचे आणि एक म्हाताऱ्या बाई रोज दुपारी त्या मोठ्यानं वाचायच्या. बाई थकल्या तेव्हा ते काम माझ्या गळ्यात पडलं. कारण काय, तर मी शेजारी.

"पेटी उलटी करायची," किल्ली देताना बाई म्हणाल्या. "खालची चिठ्ठी आधी. जो आधी आला, त्याचं आधी. आणि तोंडानं वाचायचं. मनातल्या मनात चालत नाही."

"पण ऐकायला असतं कोण?"

"तू वाच तर."

पहिला आठवडा वाचल्या. बाळाला श्वास येऊ दे. बाबांना एकदा मला ओळखू दे. रिकाम्या बाकांपुढे बोलताना माझं मलाच हसू यायचं, आणि तिकडे मळक्या कपड्यांचा ढीग वाढत असायचा. मग मी पेटी सरळ बॉयलरच्या तोंडाशी नेऊन आगीत रिकामी करायला लागले. सात महिने. एकही चिठ्ठी न उघडता. कोणी विचारलंच, "माझी वाचलीत ना?" तर "वाचली हो," म्हणून मोकळी व्हायचे. एक बाई तर माझे हात धरून रडली होती. ते हात मी साबणानं धुतले आणि कामाला लागले.

मग माझी धाकटी बहीण तिथेच ऑपरेशनला आली. आई गेल्यावर मीच तिला वाढवलेली. साधंच ऑपरेशन होतं, दोन तासांचं. चौथ्या तासाला डॉक्टर बाहेर आले.

"रक्त थांबत नाहीये," ते म्हणाले. "आमचे प्रयत्न चालू आहेत. तुम्ही..." आणि ते परत आत गेले.

मी जिने उतरून त्या खोलीत गेले. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात; मी तर हरीचेच पाय धरायला निघाले होते. 'माझ्या बहिणीला परत दे' एवढंच कसंबसं लिहिलं, घडी घातली आणि पेटीत टाकायला गेले. चिठ्ठी आत जाईना.

पेटी तर मी सकाळीच रिकामी केली होती.

बोटानं रेटून चिठ्ठी आत ढकलली आणि कुलूप काढलं. पेटी काठोकाठ भरलेली होती. तळात हात घालून एक चिठ्ठी ओढली. तिच्यावरची तारीख सात महिन्यांपूर्वीची होती. कागद कोमट होता, नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यासारखा, आणि खोलीभर जळक्या कागदाचा वास पसरत चालला होता.

मागे एक बाक करकरलं. मग दुसरं. मग उरलेली दोन... माणसं टेकल्यावर करकरतात तशी. वळायची माझी हिंमत झाली नाही. कोणीतरी खोकला दाबला, कोणीतरी नाक ओढलं, आणि मग सगळं गप्प झालं. ते वाट पाहत होते.

काय करायचं ते मला नीट माहीत होतं. पेटी उलटी करून खालून सुरुवात करायची. पाचशे तरी असतील. वर माझ्या बहिणीचं रक्त वाहत होतं, आणि माझी चिठ्ठी सगळ्यांत वर होती.

"माफ करा," मी म्हणाले आणि वरची उचलली.

तीनदा वाचली, मोठ्यानं, रडत रडत. मागून कोणी हरकत घेतली नाही. फक्त एक सुस्कारा ऐकू आला, खूप जणांचा मिळून. पेटी तशीच उघडी टाकून मी वर पळाले. रक्त थांबलं होतं.

संध्याकाळी वॉर्डात धाकटी शुद्धीवर आली.

"ताई... तिथे रांग होती गं. लांबच लांब. मी शेवटी उभी होते. मग तू आलीस, माझं मनगट धरलंस आणि ओढत पुढे नेलंस. सगळे बाजूला झाले. कोणी भांडलंसुद्धा नाही..."

मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. उद्यापासून सगळ्या वाचेन, एकेक करून, खालून, असं मनाशी म्हणत होते. पण त्यातल्या कितींना आता त्याचा काही उपयोग होता? मला ऐकणारा भेटला तो असा, चोरी करताना. मला लाज वाटत होती, आणि बहीण वाचली म्हणून आनंदही होत होता. त्या आनंदाचीच जास्त लाज वाटत होती.

तिनं माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं.

"त्यांना आत तरी घे," ती हळूच म्हणाली. "किती वेळ उभे राहतील बिचारे..."

मी वळले. दारात कोणीच नव्हतं. वॉर्डाचं ते दार स्प्रिंगचं, सोडलं की आपोआप मिटणारं. ते सताड उघडं होतं. मी उठून दोन्ही हातांनी ढकलून पाहिलं. ते मिटेना.