सहावा टेक

हसू नकोस रं अर्जुना. ही जोतीरामाची गोष्ट आहे आणि मी तिथं होतो. पटली तर पटली. मला मात्र त्याचा राग अजून येतो, अन् माझाही.

त्र्याहत्तर साल, मार्चची एक तारीख, गुरुवार. पाटणच्या अलीकडं कोयनेच्या काठाला सिनेमाचं शूटिंग होतं. दिवस मावळता जोतीराम आपल्या वहिनीला, चंद्राबाईला, बोलवायला गेला. नुसतं गर्दीत बसायचं काम आहे म्हणाला. तिचा नवरा आकाराम, म्हणजे जोतीरामाचा थोरला भाऊ, एकाहत्तरच्या लढाईत गेलेला. दीर सांगतोय म्हणून आली बिचारी.

खरं काम वेगळंच होतं. सिनेमातल्या बाईचा नवरा मरतो. तिनं दगडावर हात आपटून बांगड्या फोडायच्या आणि कुंकू पुसायचं. गावातली एकही सवाष्ण तयार होईना. का होईल? तेव्हा ह्या शहाण्यानं डायरेक्टरला सांगितलं, आमच्या वहिनीला काय अडचण, ती तशीही विधवाच. बदल्यात त्याला सिनेमात एक वाक्य बोलायला मिळणार होतं. एका वाक्यासाठी! जीभ झडायला हवी होती त्याची.

मेकअपवाल्यानं तिच्या हातात हिरवा चुडा भरला, कपाळाला कुंकू लावलं. तिनं फोडला, पुसलं. डायरेक्टर म्हणाला, रडणं कमी पडलं. पुन्हा चुडा, पुन्हा कुंकू. असं पाच वेळा. मनगटातून रक्त यायला लागलं. आणि आम्ही चाळीस माणसं तिथं खोटं रडायला बसलेलो. एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही. लाज वाटते सांगायला.

पाचव्यांदा कपाळ पुसून ती जोतीरामाकडं वळली.

"भावजी, तुमच्या भावाला आजून किती डाव मारायचं?"

तो खाली बघत म्हणाला, "आता येकच डाव, वहिनी."

मेकअपवाला कुंकवाची डबी घेऊन निघाला. तेवढ्यात जनरेटर बंद पडला.

काळोख...

मग फुटलेल्या काचांवर पाऊल वाजलं. कर्र... पुन्हा कर्र. बूट होते. सावकाश येत होते. चंद्राबाईपाशी आले... थांबले.

जोतीरामानं माझा हात धरला.

"दादा..." एवढंच म्हणाला.

जनरेटर सुरू झाला. मेकअपवाला वीस हात लांब, होता तिथंच. डबी बंद. चंद्राबाई डोळे मिटून उभी. कपाळावर कुंकू. ओलं.

डायरेक्टर ओरडला, ते पुसा, नीट लावा. कुणी हललं नाही. ती एकटीच घराकडं चालू लागली.

आम्ही दोघं कंदील घेऊन मागोमाग गेलो. दारात ती वळली तेव्हा जवळून पाहिलं. कुंकू बोटानं रेखलेलं नव्हतं. अंगठा टेकवला होता. रुंद, पुरुषाचा. आणि त्या ठशात मधोमध एक तिरपी रेघ कोरी.

आकारामच्या अंगठ्याला विळ्याचा वण होता. लहानपणी भांडणात जोतीरामानंच घातलेल्या घावाचा.