हिरण्यकेशीच्या अलीकडे

काड्यापेटीहून थोडं मोठं ते काळं यंत्र कुरिअरनं आलं, तेव्हा त्रिशला बेळगावच्या दवाखान्यात वडिलांच्या, जिनपाल अण्णांच्या, उशाशी बसलेली होती. पाण्याच्या पाइपलाइनींचे नकाशे करणाऱ्या एका कंपनीत तिची नोकरी. नवा जीपीएस रिसीव्हर सोमवारपर्यंत शिकून घ्या, असा साहेबांचा निरोप होता. बाप बेशुद्ध पडला म्हणून कंपनीचं पाणी थोडंच थांबतं! तिनं मुंगीएवढ्या अक्षरांचं माहितीपत्रक उलगडलं.

दीड मीटरची यूएसबी वायर, बुडाशी लोहचुंबक. उपग्रह शोधताना लाल दिवा स्थिर, जागा सापडली की लुकलुकता. चूक फार तर अडीच मीटरची. दर सेकंदाला जागा आणि वेग. तिनं ते खाटेशेजारच्या खिडकीच्या गजाला चिकटवलं आणि लॅपटॉपला जोडलं. अर्ध्या मिनिटात दिवा लुकलुकू लागला.

नकाशावरचा ठिपका मात्र बेळगावात नव्हता. पन्नास किलोमीटरवर, संकेश्वरजवळ हिरण्यकेशीच्या पुलाशी होता. निपाणीकडच्या काठावर.

शेवटची जागा लक्षात ठेवणारी यंत्रं असतात, हे तिला ठाऊक होतं. पण हे आजच खोक्यातून निघालेलं. तिनं त्याची स्मृती पुसून पुन्हा सुरू केलं. ठिपका तिथंच, आणि तो चालत होता. ताशी दोन किलोमीटर. थोडं काठानं जायचं, थांबायचं, परत फिरायचं.

भेटायला आलेल्या ऑफिसातल्या विक्रमनं ते दवाखान्याच्या गच्चीवर नेऊन तपासलं. तिथं ते अगदी बिनचूक. भिंतीवर आपटून सिग्नल आला तर पाच-पंचवीस मीटर इकडंतिकडं होतं, असं त्यानं समजावलं. "पण पन्नास किलोमीटर न्हाय चुकत गं," तो म्हणाला.

वऱ्हांड्यात नेलं की बेळगाव. अण्णांच्या खाटेशी आणलं की हिरण्यकेशी.

तिसऱ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं, की ठिपका सूर्य मावळताच थांबतो आणि उजाडल्यावर हलतो. अंधारात पायाखालचा जीव दिसत नाही, म्हणून जिनपाल अण्णा दिवेलागणीनंतर उंबऱ्याबाहेर पडत नसत. चालायचेही असेच, चार हात पुढची जमीन न्याहाळत.

बारा वर्षांपूर्वी निपाणीकडच्या त्यांच्या गावात आलेल्या जैन मुनिमहाराजांसमोर त्यांनी दिग्व्रत घेतलं होतं. चारी दिशांना हद्द ठरवायची आणि जन्मात तिच्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. दक्षिणेची हद्द हिरण्यकेशी. त्रिशलाच्या बेळगावच्या घरी ते कधी आले नाहीत, नातवाच्या बारशालाही नाही, आणि तो राग तिनं जपून ठेवला होता. पक्षाघाताचा झटका आला तेव्हा तिनंच त्यांना ॲम्ब्युलन्समध्ये घालून पूल ओलांडला. पुलापर्यंत अण्णा शुद्धीवर होते. नंतर नाही.

रिपोर्ट चांगले आहेत, जागे का होत नाहीत ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणत होते. चौथ्या दिवशी तिनं स्वतःच्या जबाबदारीवर सही केली आणि अण्णांना घरी न्यायला काढलं.

भरदुपारी निघाले. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, ड्रायव्हर भरमूचा हात हॉर्नवर. रिसीव्हर स्ट्रेचरच्या दांडीला चिकटवलेला, लॅपटॉप तिच्या मांडीवर. संकेश्वर जवळ आलं तसा ठिपका पुलाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. वाट बघणारं माणूस उभं राहतं तसा.

पुलाच्या अलीकडे तिनं गाडी थांबवायला लावली. आपण बापाला ओढून नेलं होतं, हे तिला आता टोचत होतं. ती त्यांच्या कानाशी वाकली.

"अण्णा, नेम मी मोडला. तुम्ही न्हाय. दोष माझ्याकडं ऱ्हाऊ दे. तुम्ही घरला चला."

गाडी पुलावर चढली.

खाली पाणी थोडंच होतं. पलीकडच्या काठावर कुणी नव्हतं.

पूल संपला आणि अण्णांच्या पापण्या हलल्या.

त्यांनी डोळे उघडले. तिनं चमच्यानं पाणी पाजलं, ते त्यांनी गिळलं. ती हुंदके देत रडली. इतका आनंद तिला आयुष्यात झाला नव्हता.

"पूल आला?" अण्णांनी विचारलं. आवाज खोल गेलेला, पण स्वच्छ.

"मागं पडला, अण्णा."

त्यांनी तिचा चेहरा न्याहाळला. मग तिच्या हातातला आपला हात त्यांनी अवघडून सोडवून घेतला.

"बाई," ते परक्याशी बोलावं तसं बोलले, "माझी लेक मागं ऱ्हायली. तिला घ्या की गाडीत."

त्रिशलानं लॅपटॉपकडं पाहिलं. गाडी किलोमीटरभर पुढं आली होती. ठिपका बेळगावकडच्या काठावर होता, तिनं दोष स्वतःकडं घेतला त्याच जागी. वेग शून्य.

तिनं भरमूला गाडी बाजूला घ्यायला सांगितलं आणि थांबून राहिली.

ठिपका पुलाकडं वळला नाही. त्यानं रस्ता धरला, बेळगावचा. ताशी पाच किलोमीटर, भरभर, कधीही मागं वळून न बघता.