दिवसाआडचं पाणी

बरकतपुऱ्यातल्या त्या व्हिडिओ गेमच्या दुकानात मुली येत नसत. त्यामुळे मळका पडदा सारून एक मुलगी आत आली, तेव्हा पाचही मशीनवरच्या माना वळल्या. म्हणजे चारच. शिवराजची मान वळली नाही. त्याचं विमान आगीतून चाललं होतं.

“हणमंतरावांचे शिवराज तुम्हीच ना?”

“हौ.”

“मी वरच्या पोर्शनमध्ये राहायला आलेय. रेणुका. नळ आलाय, आणि खड्ड्याच्या कुलपाची चावी तुमच्या खिशात आहे म्हणे.”

“एक मिनिट...”

“बरं.” ती मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरून खरंच उभी राहिली. मशीनच्या काचेत तिचं प्रतिबिंब पडलं – लांब वेणी, घामेजलेलं कपाळ आणि कमरेवर रिकामी कळशी. कळशी घेऊन ही भर रस्त्यानं इथवर आली? शिवराजची नजर एक क्षण ढळली आणि विमान आपटलं.

“सव्वातीन मिनिटं,” ती म्हणाली. “पुढच्या वेळी जेवणाचा डबा घेऊनच येते.”

ते सत्त्याण्णव साल. पाणी दिवसाआड येई, तेही दुपारी दोन ते पाचमध्ये कधीतरी, जेमतेम पाऊण तास. जोर इतका कमी की तोटी जमिनीखाली छातीभर खोल खड्ड्यात बसवलेली. रस्त्यावरच्या कुणी पाणी नेऊ नये म्हणून खड्ड्याच्या झाकणाला कुलूप. आत उतरायचं, धारेखाली कळशी धरायची, भरली की वर द्यायची. त्या दिवसापासून खड्ड्यात शिवराज उतरू लागला आणि वर रेणुका उभी राहू लागली.

चोवीस वर्षांचा शिवराज फिटरचं काम शिकत होता, तो कारखाना दोन वर्षांपूर्वी बंद पडला. त्याच कारखान्यात बावीस वर्षं काढलेले हणमंतराव आता तारनाक्याच्या एका अपार्टमेंटच्या दारात वॉचमनच्या खुर्चीवर बसत आणि घरी आले की कुणाशी बोलत नसत. शिवराज सकाळी अकराला दुकानात जाई. तिथे मेहनत केली की पुढची पायरी मिळायची. बाहेर कुठे मिळत होती? दारू नाही, पत्ते नाहीत, त्यामुळे घरात त्याला कुणी व्यसन म्हणतही नसे.

“तुम्ही दिवसभर काय करता हो?” त्यानं एकदा खड्ड्यातून विचारलं.

“पेजरच्या कंपनीत आहे. लोक फोनवर निरोप सांगतात, मी टाइप करून पाठवते.”

“कसले निरोप?”

“‘दूध आण.’ ‘मीटिंग रद्द.’ काल एकानं बायकोला ‘रागावू नको’ असं चार वेळा पाठवलं.”

“मग? गेला राग?”

“मी फक्त पोचवते. उत्तर आमच्याकडे येत नाही.”

“मला पण एक निरोप पाठवायचाय.”

“समोरच्याकडे पेजर आहे?”

“नाही... कळशी आहे.”

ती हसली. भरलेली कळशी घेताना तिची ओली बोटं त्याच्या बोटांवर जरा जास्तच रेंगाळली – की त्यालाच तसं वाटलं?

पण त्या खड्ड्यात आणखीही एक गोष्ट होती. रेणुकाच्या घरी भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. तो पाहून आल्यापासून शिवराजची आई, जयवंताबाई, वरच्यांचं पाणी भरून झालं की त्याच्या हातात चिंचेचा गोळा देई. तोटी घासायची, दोन तांबे पाणी मारायचं, मग आपल्या घागरी लावायच्या. शिवराज मुकाट्यानं घाशी. एके दिवशी मान वर केली, तर रेणुका कठड्यापाशी उभी.

“नीट घासा,” ती शांतपणे म्हणाली. “पितळेची आहे, लखलखेल.”

पुढच्या खेपेला त्यानं चिंच गटारात टाकली आणि आईला सांगितलं, घासली. आईशी भांडायचं धैर्य नव्हतं. खोटं बोलायचं होतं.

जुलैत रेणुकाची दुपारची पाळी लागली. तिच्या आईचे, चतुराबाईंचे, गुडघे गेलेले, छातीही अधू.

“शुक्रवारी आमचे दोन ड्रम भराल?”

“भरतो की.”

“खेळायला नाही ना जाणार?”

“तुमची शपथ.”

“माझी शपथ नको. नुसतं भरा.”

शुक्रवारी दीड वाजताच त्यानं कुलूप काढून झाकण उघडून ठेवलं. पाणी तीनच्या आत येत नाही... एकच डाव खेळून येऊ. दुकान दोन गल्ल्यांवर तर होतं.

तो परतला तेव्हा साडेतीन वाजले होते. पाणी सव्वादोनलाच आलं होतं. वाट बघून बघून चतुराबाई लहानशी घागर घेऊन जिना उतरल्या होत्या, आणि ओल्या काठावरून पाय सटकून खड्ड्यात पडल्या होत्या. गल्लीतले पुरुष कामावर. जयवंताबाईच्यानं त्यांना उचलवेना, म्हणून ती स्वतःच खड्ड्यात उतरली होती. गुडघाभर पाण्यात बसून, चतुराबाईंचं डोकं मांडीवर घेऊन ती पाऊण तास एकाच नावानं हाका मारत होती – शिवराजच्या. घसा बसला होता.

तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. “पाय धर,” एवढंच म्हणाली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. छाती अधू, ऑपरेशन झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. चतुराबाई खाटेला लागल्या, त्या लागल्याच. रेणुकानं हातापाया पडून सकाळची पाळी मागून घेतली. शिवराजला ती एक शब्दही बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो पाण्याच्या दिवशी बारापासूनच खड्ड्याशी बसू लागला. पाणी भरायचं, कळश्या वरच्या पायरीवर ठेवायच्या, खाली यायचं. त्याची पावलं खाली पोचली की मगच वरचं दार उघडे. बसल्या बसल्या त्याची बोटं आपोआप गुडघ्यावर बटणं दाबत. जीव नको नको होई. मग त्यानं माळ्यावरून जुनी हत्यारांची पेटी काढली. कारखान्यातून आणलेल्या पाइपाची एक कमान केली. ती चतुराबाईंच्या खाटेला जोडायची, वरून कडी लोंबती, म्हणजे त्यांना धरून जरा उठता येईल. कमान त्यानं वरच्या दाराशी ठेवली. दोन दिवस ती तिथेच होती. तिसऱ्या दिवशी वरून पान्याचा आवाज आला – वेडावाकडा, शिकाऊ हाताचा. तो जिन्यात उभा राहून ऐकत राहिला. ‘उजवीकडे फिरवा’ म्हणायचं ओठांवर आलं... म्हणाला नाही.

ती कमान बघून गल्लीतल्या आणखी एका आजाऱ्याच्या घरून बोलावणं आलं. मग काचीगुड्याच्या एका वेल्डिंगवाल्यानं अर्ध्या दिवसाचं काम दिलं. पाच महिने त्यानं त्या मळक्या पडद्याकडे पाहिलंही नाही.

आणि डिसेंबरात एका दुपारी, कामावरून परतताना, बंद कारखान्यातली यंत्रं ट्रकवर चढवून भंगारात निघालेली त्यानं पाहिली. ज्या लेथवर तो पहिल्यांदा उभा राहिला होता, तोही त्यांत होता, दोरखंडानं आवळलेला. त्याचे पाय कधी वळले, त्यालाच कळलं नाही. पडदा बाजूला झाला.

घरी आला तेव्हा नळ येऊन गेला होता. जयवंताबाई दाराशी कंबर धरून बसली होती.

“वरचं भरलं मी,” ती म्हणाली. “तुझं विचारलं पोरीनं. ताप आलाय म्हणून सांगितलंय. चल, नीज मुकाट्यानं.”

चिंच कधीपासून आणली जात नव्हती, कोण जाणे. त्या घरात त्यावर कुणी बोललं नाही.

दिवेलागणीला रेणुका खाली आली. त्यांच्या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदाच. हातात वाफाळत्या पेजेचं भांडं, पदरात बांधलेल्या दोन गोळ्या. खाटेशी बसून तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. किती थंडगार हात...

“अंग तर तापलेलं नाही.”

“घाम येऊन उतरला असेल,” जयवंताबाई आतून म्हणाली.

नुसतं डोळे मिटून पडायचं होतं. हात तसाच राहिला असता.

“ताप नव्हता,” शिवराज म्हणाला. “खेळायला गेलो होतो. अडीच तास.”

आतला भांड्यांचा आवाज थांबला. तिचा हात निघाला. ती उठेल, भांडं उचलेल, जाईल – तो वाट बघत राहिला.

“का सांगितलंत?” ती हळूच म्हणाली. “माझा विश्वास बसला होता.”

“म्हणूनच.”

ती पेजेवर धरणाऱ्या सायीकडे बघत होती.

“मी तुम्हाला माफ केलेलं नाही, शिवराज. आई आता चालणार नाही. बहुतेक कधी माफ करणारही नाही.”

“ठाऊक आहे.”

“आणि ताप आलाय असं ऐकलं, तर चपलासुद्धा न काढता पेज करायला उभी राहिले. आमचं सगळं घर धुवावं लागणार आता. हेही खरं, तेही खरं. या दोन्हींचं काय करायचं, मला कळत नाही... तुम्हाला कळतं?”

“नाही.”

“मग प्या ती पेज. निवतेय.”

“मी आजारी नाही.”

“ते मी ठरवीन.”

तो प्याला. ती शेवटच्या घोटापर्यंत बसून राहिली. मग रिकामं भांडं घेऊन दारापर्यंत गेली आणि पाठमोरीच म्हणाली, “रविवारी आईचे केस धुवायचेत. जुलैपासून नीट धुतलेच नाहीत. एकटीला पेलवत नाही... तिला बसतं धरायला कुणीतरी हवं.”

रविवारी सकाळी तो वर गेला. चतुराबाई पिसासारख्या हलक्या झाल्या होत्या. त्यानं पाठीमागून काखेत हात घालून त्यांना बसतं केलं. रेणुकानं समोरून रिठ्याचं कोमट पाणी ओतलं. पांढऱ्या केसांतून पाणी निथळत त्याच्या मनगटांवरून वाहू लागलं.

“घट्ट धर रे पोरा,” चतुराबाई घाबरून म्हणाल्या. “पडेन मी.”

“धरलंय, मावशी.”

तांब्या हवेतच थांबला. रेणुकानं मान वर केली, आणि आईच्या ओल्या केसांवरून त्याच्याकडे पाहिलं – जुलैनंतर पहिल्यांदा, सरळ, डोळ्यांत डोळे घालून.

“धरलंय त्यांनी,” ती आईला म्हणाली. “तू टेक.”