ओव्हनमधले रिफ्लेक्टर

"माझा नवरा मूर्ख आहे," दारातून आत येता येताच बाई म्हणाली, "पण माणूस चिरडून गप्प बसणारा नाही. आणि आज संध्याकाळी सहाला त्याला अटक होणार आहे."

भाऊजींनी घड्याळ बघितलं. सव्वाअकरा.

वहिनींनी खुर्ची पुढे सरकवली. वीस वर्षं त्यांनी विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासल्या होत्या. भीडभाड न ठेवता खरे अहवाल लिहीत, म्हणून कंपनीने गोड बोलून त्यांना घरी बसवलं. तेव्हापासून खासगी तपास. त्यांचे दीर, म्हणजे हे भाऊजी, औषधाच्या दुकानातून निवृत्त झालेले. डोकं वहिनींचं, अक्षर भाऊजींचं, अशी वाटणी.

"बसा. आधी मूर्खपणा सांगा, मग गुन्हा."

"मी घरी केक करून विकते हो. माझ्या त्या ओव्हनमध्ये यांनी गाडीचे रिफ्लेक्टर भाजले!"

"काय भाजले?" भाऊजींचं पेन थांबलं.

"मागच्या बंपरला दोन कोपऱ्यांत लाल पट्ट्या असतात ना, त्या. सीलबंद येतात. गरम केल्या की आतला गोंद मऊ पडतो आणि लाल काच पाठीपासून सुटते. मग आत एलईडी बसवायचे. ब्रेक दाबला की पेटणार! तीन दिवस त्या लाल काचा आतून सँडपेपरने घासत बसले होते. उजेड म्हणे दुधासारखा एकसारखा पडायला हवा. लाल भुकटी माझ्या मैद्यात!"

"दोन्ही घासल्या?"

"दोन्ही. आतून पार सपाट. चाळीस वर्षांचा घोडा झालाय, पण खेळणं सुटत नाही."

मग गुन्हा. सोमवारी दुपारी इमारतीची वीज गेली. तळघरातल्या पार्किंगमध्ये काळोख, कॅमेरे बंद. चारच्या सुमाराला कुणीतरी गाडी मागे घेतली आणि खांबाजवळ लोखंडी स्टुलावर बसलेल्या वॉचमनला खांबाशी दाबलं. गाडी जागेवर लावली आणि निघून गेला. साडेपाचला वीज आली तेव्हा वॉचमन सापडला. अजून शुद्धीवर नाही. स्टुलाखाली रिफ्लेक्टरचा लाल तुकडा होता, आणि नवऱ्याच्या गाडीचा उजवा रिफ्लेक्टर गायब.

"तुम्ही कुठे होता?"

"केक पोचवायला. हे घरी एकटे झोपलेले. साक्षीला फक्त उशी." बाईचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "वहिनी, तो वॉचमन गेला तर यांच्यावर काय काय लावतील?"

वहिनी उठल्या. "चला."

तळघरात इन्स्पेक्टर कंटाळलेला उभा होता. शेजारी सोसायटीचा सेक्रेटरी, आणि एका कोपऱ्यात केकवालीचा नवरा, मान खाली घालून.

वहिनींनी प्लॅस्टिकच्या पिशवीतला लाल तुकडा मागून घेतला. पिशवीवरूनच त्याच्या आतल्या बाजूवर अंगठ्याचं नख फिरवलं. कर्रकर्र आवाज आला.

"खरखरीत आहे," त्या म्हणाल्या.

"फुटलेला आहे, खरखरीतच असणार," इन्स्पेक्टर म्हणाला.

केकवालीच्या नवऱ्याच्या पांढऱ्या गाडीमागे वहिनी उकिडव्या बसल्या. डाव्या कोपऱ्यात रिफ्लेक्टर, उजव्या कोपऱ्यात भोक. भोकातून वायर लोंबत होती. तिचं टोक सरळ होतं, कात्रीने कापल्यासारखं.

"मीच कापली असं साहेब म्हणतात," नवरा पुटपुटला. "फुटलेला भाग लपवायला."

"भाजायला रिफ्लेक्टर गाडीवरून काढताना मदतीला कोण होतं?" वहिनींनी विचारलं.

"हेडसर. माझ्या शाळेचे, इथेच वर राहतात. त्यांनी टॉर्च धरला होता. आतून दोन क्लिपा दाबल्या की रिफ्लेक्टर सुटतो, सोपं असतं. पुढचं सगळं मी स्वयंपाकघरात केलं."

"आणि मी गेलं वर्षभर नोटिसा देतोय!" सेक्रेटरी उसळला. "प्लॅस्टिक जळल्याचा वास जिन्यात! असली माणसं इमारतीत ठेवायचीच कशाला? मी तर पहिल्यांदा याचंच नाव घेतलं."

"तुमची गाडी कोणती?"

"ही. हीच कंपनी, हेच मॉडेल, हाच रंग. तीन आहेत आमच्याकडे, एकदम घेतल्या म्हणून सूट मिळाली. माझी, याची आणि हेडसरांची. सोमवारी मी साडेपाचला आलो. दोन्ही रिफ्लेक्टर जागच्या जागी आहेत, बघून घ्या."

होते. हेडसरांच्या गाडीचेही दोन्ही जागच्या जागी होते. तिन्ही बंपरांवर ओरखडे होते. त्या अरुंद तळघरात ओरखडा नसलेली गाडीच नव्हती.

भाऊजी वहिनींच्या कानाशी लागले. "सेक्रेटरीच. तोंड बघा त्याचं."

"तोंड वाईट असणं हा गुन्हा असता तर निम्मी इमारत आत गेली असती, भाऊजी."

हेडसर दुसऱ्या मजल्यावर एकटे राहत. केकवालीचा नवरा त्यांचाच विद्यार्थी, इन्स्पेक्टरसुद्धा. टेबलावर फुलांचा गुच्छ होता, कडेने वाळलेला.

"या, या. सोमवारी सत्कार झाला माझा," सर संकोचून हसले. "पाचला होता. टॅक्सीने गेलो. दोन महिने झाले, गाडी चालवत नाही." वहिनींचं कार्ड त्यांनी नाकाला टेकेल इतकं जवळ धरून वाचलं. "मोतीबिंदू. मुलीने किल्ली लपवायची धमकी दिलीय."

"लपवली का?"

"छे! माझ्या शब्दावर तिचा विश्वास आहे." सरांनी कार्ड जपून खिशात ठेवलं. "त्या पोराचं वाईट वाटतं हो. हुशार होता, पण हात स्वस्थ नाहीत. मी रोज दवाखान्यात जातो, त्या वॉचमनपाशी बसतो. दुसरं कोण आहे त्याला?"

बाहेर आल्यावर भाऊजींचे डोळे ओले होते. "देवमाणूस. आणि तो सेक्रेटरी एकदा तरी गेला का दवाखान्यात?"

"नाही गेला," वहिनी म्हणाल्या. "तेच मला बरं वाटलं."

भाऊजींना यातलं काहीही कळलं नाही, पण त्यांनी लिहून घेतलं.

चार वाजता वहिनींनी सगळ्यांना तळघरात बोलावलं. केकवाली नवऱ्याच्या दंडाला धरून उभी होती. हेडसर जिन्यावरून कठड्याला धरून सावकाश उतरले.

"दिवे घालवा," वहिनी म्हणाल्या.

सेक्रेटरीने कुरकुरत बटणं बंद केली. काळोख इतका की शेजारच्याचा नुसता श्वास ऐकू येत होता.

"रिफ्लेक्टर स्वतः पेटत नाही," वहिनींचा आवाज आला. "लाल काचेच्या आतल्या अंगाला बारीक टोकदार कंगोरे असतात, मधाच्या पोळ्यासारखे. समोरून आलेला उजेड ते आल्या वाटेने परत फेकतात. स्टुलाखालच्या तुकड्याला हे कंगोरे आहेत. मी त्याच्यावर नख फिरवलं, ते सगळ्यांनी ऐकलं. पण या शहाण्याने आपल्या दोन्ही काचा आतून घासून सपाट केल्या होत्या. त्याच्या बायकोचा मैदा साक्षीला आहे. म्हणजे तो तुकडा याच्या गाडीचा असूच शकत नाही."

"मग याचा उजवा रिफ्लेक्टर गेला कुठे?" इन्स्पेक्टरने विचारलं. त्याचा कंटाळा पळाला होता.

"तोच प्रश्न. फुटून पडला असता तर वायर ओढली जाऊन तुटली असती. ती कापलीय. कुणीतरी रिफ्लेक्टर क्लिपा दाबून काढला, आत वायर आहे हे बघितलं, ती कापली आणि रिफ्लेक्टर घेऊन गेला. कशाला? स्वतःचा फुटला होता म्हणून. मॉडेल एकच, भोक एकाच मापाचं. चार ते साडेपाच वेळच वेळ होता. एका दगडात दोन पक्षी मारले त्याने. स्वतःची गाडी धडधाकट झाली आणि याची गुन्हेगार."

टॉर्च पेटला. उजेड सेक्रेटरीच्या गाडीमागे पडला. दोन लाल डोळे लखकन चमकले.

सेक्रेटरीने इतक्या जोरात सुस्कारा सोडला की भाऊजी दचकले.

टॉर्च पुढे सरकला. हेडसरांची गाडी. डावा डोळा चमकला. उजव्या जागी काही चमकलं नाही, नुसता मेलेला डाग.

"घासलेली काच," वहिनी म्हणाल्या. "वायर असेल एवढं सरांना माहीत होतं, काढताना टॉर्च त्यांनीच धरला होता, आत दिवे बसवायचेत हे तेव्हाच कळलं होतं. पण काचा घासल्या स्वयंपाकघरात. तिथे सर नव्हते. त्यांना वाटलं वायर कापली की झाला पुन्हा साधा रिफ्लेक्टर. आणि सोमवारपासून आजपर्यंत कुणी काळोखात त्याच्यावर उजेड पाडलाच नाही. साहेब, काढा तो."

इन्स्पेक्टरने हात घालून क्लिपा दाबल्या. रिफ्लेक्टर सुटला. त्याच्या पाठीमागून बोटभर कापलेली वायर बाहेर आली.

सेक्रेटरीने दिवे लावले. हेडसर खांबाला टेकले होते. वॉचमनला ज्या खांबाशी दाबलं, त्याच.

"पाचचा सत्कार होता," ते म्हणाले. "टॅक्सी मिळेना. म्हटलं एकदाच... मागे कोणी दिसलं नाही. खाली उतरून बघितलं, तो हलत नव्हता. मला वाटलं, गेला."

"मग टॅक्सी मिळाली," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही वर जाऊन हात धुतले, सत्काराला गेलात, भाषण केलंत, गुच्छ घेतलात. दीड तास तो माणूस इथे पडून होता. डॉक्टर म्हणतात, तास आधी आणला असता तर आज बोलत असता."

"मी रोज त्याच्यापाशी बसतो!"

"तो डोळे उघडून काय बोलतो ते सगळ्यांत आधी तुम्हाला ऐकायचं होतं. आजपासून जाऊ नका."

भाऊजींनी वही मिटली. देवमाणूस हा शब्द त्यांनी तिच्यात दोनदा अधोरेखित केला होता. आता त्यांना स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटत होती.

केकवाली पुढे झाली. "सर, माझं घर बुडवायला निघाला होता तुम्ही. का? आमचं काय वाकडं होतं तुमच्याशी?"

"वाकडं काही नाही गं, मुली." सरांचा आवाज वर्गातल्यासारखा समजावणीचा झाला. "तो तरुण आहे. दोन-चार वर्षांत सावरला असता. माझं चाळीस वर्षांचं नाव... ते एका दुपारीत गेलं असतं." त्यांनी विद्यार्थ्याकडे बघितलं, हात पुढे केला. "बाळ, तू तरी समजून घे."

केकवालीचा नवरा त्या हाताकडे बघत राहिला. कॉलेजात, लग्नात, रस्त्यात, सर दिसले की हा माणूस उठून उभा राहत आला होता. त्याने बायकोच्या हातातून दंड सोडवला, गाड्या खाली येतात त्या उताराच्या कडेला गेला आणि सरांच्या देखत खाली बसला.

इन्स्पेक्टरसुद्धा सरांचाच विद्यार्थी. त्याने एकदा घसा साफ केला, टोपी डोक्यावर नीट बसवली आणि सरांना नमस्कार न करता म्हणाला, "चला."