हँडलवरची लाल फीत

पौषातली सकाळ होती. शहरातल्या इतवाऱ्यातून, घरून निघताना रजनीची बोटं अजून बोटंच होती. फोपनार गावच्या वाटेला लागेपर्यंत त्यांची लाकडं झाली. बॅटरीची नवी गाडी बिनआवाजी पळत होती, अन् वारा हातमोज्यांत शिरून एकेक बोट चावत होता. केळीच्या मळ्याशी धूर दिसला तशी ती थांबली... थांबली कसली, ब्रेकवर बोटं वळेनात म्हणून गाडी बांधाला जाऊन टेकली.

धुरापलीकडून एक तरुण उठला.

"भाऊ, जरा हात शेकू का?"

"शेका ना, मॅडम. तसा हा धूर केळीसाठी केलाय. तिलाही थंडी सोसत नाही."

लीलाधर त्याचं नाव; मळा त्याच्याच घरचा. गाडीकडं बघून तो हसला. वडिलांच्या जुन्या मोटरसायकलच्या इंजिनाजवळ हात धरले की ऊब यायची, म्हणाला. हिच्या पोटात जाळच नाही. रजनीनंही सांगून टाकलं, की ती गावच्या शाळेत शिकवते, इथला तिचा हा पहिलाच हिवाळा, अन् सकाळच्या तासाला हातातून खडू गळतो तेव्हा पोरं हसतात. हात कधीच गरम झाले होते. ती तरी आणखी थोडी थांबली...

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला 'भाऊ' म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही, नुसता हॉर्न वाजवला.

थोड्या दिवसांनी लीलाधरनं दोन पिशव्या पुढं केल्या. थंडीत केळीच्या घडांवर चढवतात तसल्या निळ्या पिशव्या कापून, आत घरचा कापूस भरून शिवलेल्या. हँडलवर चढवून त्यानं त्या लाल फितीनं बांधल्या. रजनीनं आत हात घातले, अन् वाटलं, कुणीतरी ते अलगद ओंजळीत धरलेत.

"मी काय केळीचा घड आहे?"

"घडासाठी एवढे बारीक टाके नाही घालत मी," तो धुराकडं बघत म्हणाला.

मग शाळेत मोठ्या मुली गाडीभोवती कुजबुजू लागल्या. वाटेवरच्या बायका तिला बघून पदर तोंडाला लावू लागल्या. शेवटी शाळेत जेवण रांधणाऱ्या मालूबाईनं तिला चुलीपाशी बोलावून घेतलं. मालूबाईचा नवरा लीलाधरच्या मळ्यात घड कापायला जायचा. व्यापाऱ्याचा माल कापण्याआधी घरासाठी राखायच्या घडांना लीलाधर लाल फीत बांधायचा. ती दिसली की कोयता थांबायचा. गावात लहानथोरांना हे ठाऊक.

"हा घरचा, याले हात लावायचा नाही," मालूबाई म्हणाली. "अन् तुमच्या गाडीले तर दोन-दोन फिती, बाई. लोक पूछतील ना, कोणाच्या घरचा?"

रजनीचे कान तापले. मुद्दाम बांधली असेल, तर तिला न विचारता त्यानं गावभर दवंडीच पिटली होती. अन् नुसत्या सवयीनं बांधली असेल, तर... हे दुसरंच तिला जास्त टोचलं.

शाळा सुटल्यावर ती मळ्याशी थांबली अन् सगळं सांगितलं. लीलाधरचा चेहरा उतरला. घरच्या घडांना बांधून बांधून हात आपोआप त्या फितीकडं जातो, लक्षातच आलं नाही, म्हणाला. चूक माझी, गावात मी स्वतः सांगतो.

"मग सोडा त्या," रजनी म्हणाली. आवाज तिला हवा होता तेवढा कोरडा निघाला नाही.

तो हँडलशी वाकला. गाठीवर बोटं ठेवली, अन् ती तिथंच राहिली.

"काय झालं? एवढ्या उन्हात बोटं वळत नाहीत?"

"बांधताना मनात काही नव्हतं, मॅडम... खरंच." त्यानं मान वर केली नाही. "आता सोडताना आहे."

मळाभर केळीची पानं सळसळली. रजनीनं उगाच ओढणी सारखी केली.

"मॅडम शाळेत. मला नाव आहे."

"रजनी..." तो म्हणाला, इतकं हळू, की पानांनाही ऐकू जाऊ नये.

"गाठ सैल झालीय, वारा शिरतो. घट्ट बांधा," ती म्हणाली. "अन् रविवारी तुमच्या आईंना घेऊन आमच्या घरी या. बाबांना मी आजच सांगते, मालूबाईच्या आधी."

लीलाधरनं गाठ पुन्हा बांधली, या वेळी पुरतं समजून. अन् ऊन चांगलं चटकत असताना रजनीनं दोन्ही हात पिशव्यांत घातले, खोलवर, मनगटांपर्यंत.