गरम खोली बंद करू नका

आधीच सांगते, हे खरं आहे. पटत नसेल तर वाचू नका, पण खाली कमेंटमध्ये येऊन मला शहाणपणही शिकवू नका. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. आणि माझी मावशी म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. भुताखेतांचा विषय निघाला की सगळ्यात आधी तीच खिदळायची.

आता नाही खिदळत.

आणि हो, रात्र नव्हती. वारा नव्हता, कुत्रं रडत नव्हतं. सुट्टीचा दिवस, भर दुपार, डोक्यावर लख्ख ट्यूबलाइट.

मावशी आणि काका एकाच कारखान्यात कामाला. तिथे लेसरचे डबे बनतात. इंटरनेटच्या काचेच्या तारांमधून जो प्रकाश धावतो ना, तो ह्या डब्यांतून निघतो. एवढासा लेसर, पण नखरे केवढे! जरा तापला की प्रकाशाचा रंग सरकतो आणि पलीकडे काही कळेनासं होतं. म्हणून त्याच्या पोटाखाली एक चकती बसवतात. ती लेसरची उष्णता खेचते आणि मागे टाकते.

चकती टिकते का हे बघायला तयार डबे एका गरम खोलीत चालू ठेवतात. दिवसचे दिवस. आत जीव नकोसा होईल अशी धग असते.

आत एकाने जायचं, काम उरकून पटकन निघायचं. बाहेर दुसऱ्याने पडद्यावर डोळे लावून बसायचं. आतला कॅमेरा उष्णता दाखवतो. गरम ते पांढरं, गार ते काळं. चकती बिघडलेला डबा पांढराफटक दिसतो. आणि आत गेलेला माणूस दिसतो काळा... कारण माणसाचं अंग त्या खोलीपेक्षा गार असतं.

हे लक्षात ठेवा.

जिवंत माणूस काळा.

आणि काही झालं तरी बाहेरच्याने जागा सोडायची नाही. हा नियम आला थंडोबामुळे. थंडोबा म्हणजे तिथला जुना कामगार. कशाचीच घाई नाही, म्हणून हे नाव पडलं. कॅमेऱ्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. प्रत्येक डब्याला उलटा हात लावून बघायचा. काकांचा दोस्त, त्यामुळे मावशीला सारखं "वहिनी, वहिनी" करायचा.

एकदा माल लवकर पाठवायचा म्हणून साहेबांनी पडद्यासमोरच्या माणसाला दुसरीकडे पिटाळलं. आत थंडोबा चक्कर येऊन पडला. कोणाला पत्ताच नाही. नंतर कोणीतरी पडद्याकडे बघितलं, तर खोली रिकामी दिसली...

तोवर त्याचं अंग खोलीइतकंच तापलं होतं.

तर त्या दुपारी काका आत गेले. मावशी बाहेर.

"अहो, खालच्या फळीवरचा एक डबा पांढरा पडलाय. तेवढा काढा आणि या," ती माइकवर म्हणाली.

"आलोच गं. तुला काय जातंय, गार हवेत बसून हुकूम सोडायला!"

मावशी हसली. पडद्यावर काकांची काळी आकृती वाकली होती.

आणि कोपऱ्यात...

अजून एक काळं काहीतरी होतं. गुडघे पोटाशी घेऊन बसलेलं.

"अहो, कोपऱ्यात काय ठेवलंय?"

"कुठे काय? काही नाहीये."

ते उठलं.

मावशीने माइक ओढला. "अहो, बाहेर या! आत्ताच्या आत्ता!"

स्पीकरमधून नुसती खरखर आली...

ते काकांच्या मागे जाऊन उभं राहिलं. दोन काळे आकार एकमेकांत मिसळले. एकच झाले.

मग पुन्हा वेगळे झाले.

एक कोपऱ्यात जाऊन बसला. दुसरा डबा उचलून दाराकडे निघाला. कोपऱ्यातल्याने हात वर केला, बुडणारा माणूस करतो तसा. मग तो हळूहळू करडा झाला... फिका झाला...

दिसेनासा झाला.

दार उघडलं. काका बाहेर आले. अंगावर घामाचा थेंब नाही!

मावशी त्यांना ढकलून आत घुसली. कोपरा रिकामा. खोली रिकामी.

ती वळली. काका डब्याला हात लावून बघत होते. उलटा हात.

"गरम आहे," एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर ते फारसे बोलेनात. मावशीला हाकच मारेनात. अंगाचं तर विचारू नका. पंख्याखाली बसले की गार, उन्हातून आले की तापलेलं. खोली जशी, तसं अंग. मावशी दुसऱ्या खोलीत झोपायला लागली. माझी आई म्हणाली, "मनाचे खेळ आहेत, ताई. डॉक्टरला दाखव."

पण मावशी हट्टाला पेटली. तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. आपला नवरा घरी आहे, की तिथे आत?

तिने डोकं चालवलं. खोलीचा हिटर बंद केला, तर पातळ पत्र्याच्या फळ्या लगेच निवतील. माणसाचं अंग एवढ्यात निवत नाही. आत कोणी असेल, तर तो आता पांढरा दिसेल.

पुढच्या सुट्टीला ती एकटीच गेली. डबे आणि हिटर दोन्ही बंद केले आणि पडद्यासमोर बसली.

फळ्या करड्या झाल्या. मग काळ्या. भिंती काळ्या.

कोपरा...

कोपरा पांढराच राहिला.

गुडघे पोटाशी घेऊन बसलेला माणूस. थरथरत होता. त्याने कॅमेऱ्याकडे मान वर केली.

मावशी धावली, दार उघडलं. कोणी नाही! नुसती कोमट हवा तोंडावर आली. "अहो!" म्हणून ती ओरडली. "अहो, इथे आहात का?"

तेवढ्यात फोन वाजला. घरून होता.

आवाज काकांचाच...

"वहिनी, हिटर लावा. तो गारठतोय."

मावशीने हिटर लावला. दुसरं काय करणार होती बिचारी? पडद्यावर सगळं पुन्हा पांढरं झालं, तोही त्यात विरून गेला.

तेव्हापासून तिने ती खोली कधी गार पडू दिली नाही. निवृत्तीचं वय उलटलं तरी साहेबांच्या हातापाया पडून नोकरीला चिकटून आहे. लोक म्हणतात, म्हातारीला पैशाची हाव.

काल ती आमच्याकडे आली आणि आईच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. कारखाना दुसरीकडे हलवतायत. पुढच्या महिन्यात गरम खोलीची वीज तोडणार.

काका बाहेरच्या खोलीत बसले होते. त्यांना ऐकू गेलं असावं.

कारण ते हसले. त्या दुपारनंतर पहिल्यांदाच.

मी चहा घेऊन गेले, तर त्यांनी कपाला उलटा हात लावून बघितला.

मी त्यांना अजून काकाच म्हणते. दुसरं काय म्हणू?